बिनफोडणीची वाडी

सरवदे सिस्टर कुठल्याही गावात शिरायच्या आधी ते गाव हुंगायच्या. हसू नका, पहिल्यांदा मीही हसलो होतो आणि मग हसायचं विसरलो. शिवेवर आल्या की त्या थांबायच्या, डोळे मिटायच्या, मान जराशी वर करायच्या आणि चांगली दोन मिनिटं तशाच उभ्या राहायच्या. वेळ बहुतेक दिवस कलतीची, चुली पेटायची. मग डोळे न उघडताच सांगायच्या, "लसूण हाय. जिरं हाय. वरल्या आळीला कुणीतरी मिरची करपवली." आणि हातानं खूण करायच्या, "चला अप्पा. गाव बरं हाय."

अप्पा म्हणजे मी. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं, आणि ही चाळिशीची बाई मला अप्पा म्हणायची! मी उदगीरच्या लिंगायत वाण्याच्या घरातला, म्हणून अप्पा. रेणापूरच्या बाजूला एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी औषधं वाटायला नवीन लागलो होतो आणि सिस्टर तिथं आधीपासून होत्या. रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझं नाव, गाव, शिक्षण काही विचारलं नाही. "लहानपणी गोवर निघाला होता का?" एवढंच विचारलं. निघाला होता म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग चालतंय. माझ्यासंगं फिरायला येता येईल."

आमच्याकडं तेव्हा गोवराला कुणी आजार म्हणत नसे. आई, म्हणजे देवी, आली म्हणत. आई घरात आली की दाराला कडुलिंबाचा टहाळा लागायचा, परक्याची सावली उंबऱ्यावर पडू द्यायची नाही, आणि घरात फोडणी द्यायची नाही. तेल तडतडलं की आई खवळते म्हणे. तेव्हा चूल पेटलीय, धूर दिसतोय, पण फोडणीचा वास नाही, असं घर म्हणजे गोवराचं घर. लोक लेकरं लपवत, टहाळासुद्धा मागच्या दाराला लावत, पण न येणारा वास कसा लपवणार? सिस्टरचं सगळं काम त्या न येणाऱ्या वासावर चालायचं.

सिस्टर बौद्ध होत्या. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीला सोडताना त्यांनी स्वतः पाहिलेलं. त्यामुळे त्या टहाळे उपटून फेकतील असं मला वाटलं होतं. उलटंच! त्या टहाळा लावायला सांगायच्या, आणि तोही लवकर. "अंगावर पुरळ उठल्यावर टहाळा लावता, म्हंजी बैल गेला आन झोपा केला. डोळे लाल झाले, नाक गळाया लागलं, खोकला सुरू झाला, त्याच दिवशी लावा. हे दुखणं खोकल्यातून उडतंय. पुरळ दिसायच्या आधीच चार दिवस ते शेजारच्या घरी जाऊन बसलेलं आसतंय." त्यांच्याच वस्तीतल्या लोकांनी एकदा टोमणा मारला, बाई, आपण देव सोडले आन तुम्ही टहाळे बांधत फिरता व्हय? त्या म्हणाल्या, "लिंब काय देव हाय का? झाड हाय. त्याला बघून मानूस दारातनं माघारी फिरतंय, तेवढ्यापुरतं ते माझं हाय."

दुसरी त्यांची सवय याहून वेगळी, आणि मला ती कधीच आवडली नाही. बरीच घरं त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसत. आईचं निमित्त असायचं, पण निमित्तच ते, खरं कारण तुम्हालाही माहीत आहे. मग त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या आणि आतल्या अंधारातले श्वास ऐकायच्या. ओठ हलायचे, कंबरेला पिनेनं लावलेल्या घड्याळावर बोट असायचं. "दोन लेकरं हायेत. एक बरं हाय. दुसरं मिन्टाला पन्नासच्या वर श्वास घेऊन राहिलंय, छाती भरलीय त्याची. ते भाईर आणा." घरातले चरकायचे. मीही चरकायचो. मला कधी काही ऐकू यायचं नाही. कान देऊन देऊन माझ्याच छातीतले ठोके ऐकू यायचे. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, "मानूस खोटं बोलतंय अप्पा, श्वास बोलत न्हाई."

ते साल दुष्काळाचं. लातूर जिल्हा नवीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या केंद्राच्या पाटीवर उस्मानाबादवर पांढरा रंग मारून लातूर लिहिलेलं, आणि ऊन तिरपं पडलं की खालची जुनी अक्षरं वर दिसायची. रजिस्टरंही जुन्याच जिल्ह्याची, नाव खोडून नवं घातलेली. जीप पाण्याच्या कामाला गेली होती. म्हणून लसीचा थंड डबा माझ्या सायकलला बांधून मी आणि सिस्टर चालत निघायचो. गोवराची लस तेव्हा नवी होती. डब्यातला बर्फ असेपर्यंत लस, बर्फ गेला की नुसतं पाणी. त्या उन्हात बर्फ किती टिकणार? मी सारखा डब्याला हात लावून बघायचो.

तर असंच एकदा एका वाडीवरून जात होतो. वीस-पंचवीस घरं, एका बरड माळावर. सिस्टर थांबल्या, डोळे मिटले. पुन्हा एकदा हुंगलं. मग म्हणाल्या, "अप्पा, फोडणी न्हाई."

पुढच्या गावात पंधरा-वीस लेकरं लसीला थांबली होती. बर्फ अर्धा झाला होता. मी वैतागलो. म्हटलं, "सिस्टर, दुष्काळ आहे. तेल कुठंय लोकांच्या घरात? आमच्या दुकानात माणसं बाटलीच्या बुडापुरतं तेल मागतात. फोडणी कशाची देणार?" वाण्याच्या पोराला हे माहीत असणारच, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी एकदा वाडीकडं पाहिलं, एकदा डब्याकडं. "त्येबी खरंच हाय," म्हणाल्या आणि चालू लागल्या. वळणावर त्यांनी मागं वळून पाहिलेलं मला आठवतं. मी पाहिलं नाही.

पंधरवडा गेला. एक दिवस टँकर चालवणारे खाजामियाँ केंद्राच्या पायरीवर येऊन बसले. पाणी मागितलं आणि प्यायलेच नाहीत. "बाई," ते म्हणाले, "वो बरड की वाडी में औरतां आती, हंडे आते. बच्चे नै आते." दुष्काळ पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. टँकर दिसला की लेकरं अर्धा मैल मागं पळत येतात, गळकं पाणी ओंजळीत धरतात, खाली तोंड लावतात. टँकरमागं लेकरं नाहीत असं गाव नसतंच. सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं नाही. औषधांची पिशवी उचलली आणि टँकरमध्ये चढून बसल्या. मीही चढलो.

वाडीत पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. चुली पेटल्या होत्या, प्रत्येक छपरातून धूर सरळ वर जात होता. वास कशाचाही नव्हता. घराघराच्या दाराला टहाळा होता, काही ताजे, काही वाळून करकरीत झालेले. वाडीतल्या एकुलत्या लिंबाचा हाताला येईल तेवढा पाला ओरबाडून नेलेला, खाली नुसत्या काटक्या. वारा आला की सगळे टहाळे एकदम वाजायचे आणि एकदम थांबायचे. कुत्रं भुंकलं नाही. टँकरपाशी बाया रांगेत उभ्या राहिल्या, हंडे भरले, पण भांडण सोडा, एक शब्द कुणी बोललं नाही. पाण्यावर न भांडणाऱ्या बाया मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या.

सिस्टर दारोदार उंबऱ्याबाहेर उभ्या राहून ऐकत गेल्या. कुणाला गोळ्या चुरून, कुणाच्या जिभेवर जीवनसत्त्वाचे थेंब, कुणाला मीठ-साखरेचं पाणी. "खोलीत अंधार ठेवा, डोळ्याला बरं वाटतंय. पर झरोका उघडा, वारं खेळू द्या. आन चांगली लेकरं एका घरात न्या, दुखण्याची एका घरात." दोन घरांत आम्हाला उशीर झाला होता. एका घरात बाई जमिनीकडं बघून म्हणाली, लेकराला जाऊन आठ दिवस झाले. दुसऱ्या घरातली म्हणाली, सहा. मी मनात दिवस मोजले. आम्ही वळणावरून निघून गेलो त्यानंतरचेच होते ते.

शेवटचं घर गिरजाआजीचं. मुलगा खडी फोडायच्या कामावर गेलेला, घरात आजी, सून आणि नातवंडं. आजी उंबऱ्यातच बसली होती, कुणी पलीकडं जाऊ नये अशी. म्हणाली, "दोन हायेत. उतार पडलाय त्यास्नी. तिसरी गेली, आठवडा झाला."

सिस्टर डोळे मिटून उभ्या राहिल्या. ओठ हलायला लागले. थांबले. पुन्हा हलायला लागले. मग त्या मला म्हणाल्या, हळू नाही, चांगल्या मोठ्यानं, "अप्पा, आत तीन लेकरं श्वास घेऊन राहिलेत."

"बोलू नगंस!" आजी केवढ्यानं तरी ओरडली. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "तिला ऐकू जाईल."

"कुनाला?"

आजीनं मान वळवून दाराच्या टहाळ्याकडं पाहिलं. वारा नव्हता. टहाळा हलत होता, किंवा मला तसं वाटलं. मागं भिंतीला टेकून सून उभी होती. लेकरू गमावलेल्या बाईचा चेहरा मी आताच दोन घरांत पाहून आलो होतो. हा चेहरा तसा नव्हता. हा चेहरा नुसता घाबरलेला होता, आणि तिची नजर राहून राहून मागच्या भिंतीकडं जात होती.

त्या भिंतीत बळद होतं. दोन भिंतींच्या मधली धान्य साठवायची अंधारी जागा, वरून भरायची आणि खालच्या भोकातून काढायची. दोन वर्षं तिथं दाणा पडला नव्हता. आजीनं धडधाकट नातीला त्या रिकाम्या बळदात उतरवलं होतं आणि आईपुढं पदर पसरून सांगितलं होतं, ही गेली, हिला शोधू नको, दोघांना ठेव. आणि एकदा देवीला सांगितलं म्हटल्यावर सगळ्यांनाच तसं सांगणं आलं. शेजारणींना सांगितलं. रडूनही दाखवलं. पोरीचं नाव घरात घ्यायचं बंद केलं. प्रेमच होतं हो ते! दुसरं काय होतं? पण दुखणं त्याआधीच तिच्या छातीत जाऊन बसलं होतं, आणि मेलेल्या लेकराला औषध कोण मागणार?

"काढ तिला," सिस्टर सुनेला म्हणाल्या. "मी उंबरा वलांडत न्हाई. तू काढ."

सुनेनं भोकातून हात घालून पोरीला ओढून घेतलं. दोन वर्षांची असेल. अंगाला धान्याची जुनी धूळ, ओठ निळे, बरगड्या आत-बाहेर होत होत्या. रडली नाही. एवढे दिवस गप्प राहा म्हणून सांगितलेलं लेकरू ते, उजेडातही गप्पच राहिलं. सिस्टरनं घड्याळ धरलं. "साठाच्या वर गेलाय. हिला लातूरला न्यावं लागतंय, आत्ताच."

आजी आडवी झाली. शब्दशः, उंबऱ्यावर आडवी. "न्यायची न्हाई. गेली म्हनून सांगितलंय मी. आता जित्ती भाईर निघाली तर माझं खोटं उघडं पडतंय. हिलाबी नेईल, त्या दोघांसबी नेईल."

मी चिडलो. शिकलेला ना! आजीला जंतू सांगायला लागलो, लस सांगायला लागलो. सिस्टरनं माझ्या दंडाला धरून मला मागं सारलं. मग त्या उंबऱ्यापुढं खाली बसल्या आणि त्यांनी पदर पसरला.

"आजी, तुमची नात गेली. बरूबर हाय," त्या म्हणाल्या. "ही तुमची न्हाई. ही माझी हाय. मी माझं लेकरू घ्यायला आलेय."

आजीनं त्या पदराकडं पाहिलं. मग आजी उठली. जिनं या बाईला उंबऱ्यावर उभं केलं नव्हतं, तिनं स्वतःच्या हातानं पोरगी त्या पदरात घातली. आणि टहाळ्याकडं पाठ करून उभी राहिली.

रिकाम्या टँकरमधून आम्ही लातूरला गेलो. मागची टाकी खड्ड्याखड्ड्याला घुमत होती. सिस्टर सबंध रस्ता पोरीचे श्वास मोजत होत्या, मोठ्यानं, आकडा थांबला तर श्वास थांबेल अशा धास्तीनं. खाजामियाँही पुटपुटत होते, ते काय म्हणत होते मला माहीत नाही. दवाखान्यात नाव विचारलं. मी केंद्राच्या रजिस्टरातलं नाव सांगायला तोंड उघडलं आणि सिस्टर मध्येच म्हणाल्या, "नाव ऱ्हाऊ द्या. सरवदेची मुलगी लिहा." बाहेर आल्यावर मी विचारलं, तुम्ही तर मानत नाही. म्हणाल्या, "मी न्हाई मानत. पर आजीला सबूद दिलाय ना."

त्याच दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्यांना म्हटलं, सिस्टर, त्या दोन लेकरांना मी मारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. मला धीर द्यायला खोटं बोलल्या नाहीत, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. "तुम्ही बोलला, मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "चूक दोघांची. इथून पुढं दुष्काळ आसू द्या न्हाईतर काईबी, फोडणी न्हाई म्हनलं की थांबायचं." त्यानंतर त्यांनी माझं तेलाबद्दलचं मत कधी विचारलं नाही.

पोरगी जगली. पंधरा दिवसांनी गिरजाआजी केंद्रावर आली, हातात सूप, सुपात कोंडा. जगावी वाटणारी पोर दुसऱ्याची म्हणायची आणि कोंडा देऊन परत विकत घ्यायची, ही रीत जुनी आहे. सिस्टर सुपाकडं बघत राहिल्या. "एवढ्याला न्हाई देत," म्हणाल्या. "माझं लेकरू लई महाग हाय. वाडीतल्या दुखणं न झालेल्या समद्या लेकरांस्नी सुई टोचायला आना. एकबी घरी ठेवलं तर ही मिळनार न्हाई." तिसऱ्या दिवशी आजी पोरांची रांगच घेऊन आली, दोन कडेवर, बाकीची ओरडत. आमच्या केंद्रात एवढा गोंगाट कधी झाला नसेल. सिस्टर सुई टोचता टोचता हसत होत्या. वर मला म्हणाल्या, "ऐका अप्पा, कसे दणक्यात श्वास घेऊन राहिलेत!"

सुपातला कोंडा देऊन आजी नातीला घेऊन गेली आणि तिचं नाव ठेवलं कोंडाबाई. रजिस्टरात मी जुनं नाव खोडलं, वर हे लिहिलं. खालचं नाव पाटीवरच्या उस्मानाबादसारखं दिसत राहिलं. वाडीत कुणीच ते पुन्हा उच्चारलं नाही. मीही नाही. दुसऱ्या कुणाला त्या नावानं हाक मारायची वेळ आली तरी माझी जीभ अडखळायची.

कोंडा वाढली, लातूरला दिली, तिला मुलं झाली. सिस्टरच्या घरी ती माहेरासारखी यायची. पण घरात लिंबाचा पाला दिसला की दारातूनच माघारी फिरायची, पाडव्यालासुद्धा. तिच्या मुलांना साधा ताप आला तरी तिला वाटायचं, आई मला शोधत आली. आजीनं मरताना तिला सांगून ठेवलं होतं, तुझं खरं नाव तिला कळू देऊ नको. कोंडाला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. मला किती वेळा विचारलं तिनं! मी म्हणायचो, विसरलो.

मधे ती दोन वर्षं सगळं जग तोंडाला फडकं बांधून, दार लावून बसलं. तेव्हा सिस्टर खाटेवरून म्हणायच्या, "आता समद्यांच्याच दाराला टहाळा." त्या दुखण्यानं त्यांना काही केलं नाही. पुढं वयानंच छाती थकली. शेवटच्या आठवड्यात मी रोज दुपारी जाऊन बसायचो. शेवटच्या दिवशी त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "अप्पा, खोलीत किती जन हायेत?"

"दोघंच, सिस्टर. तुम्ही आणि मी."

ओठ हलले. "तिघं."

माझी मान वळवायची हिंमत होईना. वळवली. कोंडा उंबऱ्याबाहेर उभी होती, चपला हातात, पाऊल वाजू न देता आलेली. "ये आत," सिस्टर म्हणाल्या. ती आली, खाटेशी बसली. सिस्टरनं तिचा हात धरला आणि एकेक शब्दाला थांबत बोलल्या, "मी मानत न्हाई. पर तू मानतीस, ह्यो अप्पाबी मानतोय. तर ऐकनारीनं ऐकावं. खोटं म्या बोलले. ही माझी म्हनून म्या सांगितलं. न्यायचं तर मला न्यावं आन पोरीची भीतीबी माझ्यासंगं न्यावी."

आणि त्यांनी मोठ्यानं ते नाव घेतलं.

"ओ," कोंडा म्हणाली.

लगेच म्हणाली, हाक मारल्यावर आपण म्हणतो तसं. दोन वर्षांची असताना शेवटचं ऐकलेलं नाव, तिला ते कसं ओळखू आलं हे ना तिला सांगता आलं ना मला. खिडकीतून वारा आला, कॅलेंडर हललं, बाकी काही झालं नाही. मी सिस्टरचं घड्याळ हातात घेतलं आणि श्वास मोजत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला दुसऱ्या माणसाचे श्वास ऐकू आले. तासाभरात ते थांबले. कोंडा उठली, बाहेर गेली आणि रस्त्यापलीकडच्या लिंबाची एक डहाळी मोडून घेऊन आली. त्यांच्या उशाशी ठेवली.

भीती उरली ती माझी. ही सगळी हकीकत मी वाण्याच्या पोरासारखी काटा सांभाळत सांगितली आणि एक गोष्ट तेवढी मागं ठेवली. सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, लिहा की अप्पा, कुनाला भिता?

सुनंदा. तिचं नाव सुनंदा होतं.